बचत गटाचं अध्यक्षपद हाती घेताना: हस्तांतरणापासून बँकेच्या कर्जापर्यंत

ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, कामामुळे मला अडचणीत आलेल्या गटांच्या बैठकीला बोलावलं जातं. गेलं की भांडणच ऐकू येतं: कुणी हप्ता भरत नाही, कुणाच्या बचतीची नोंद नाही. वह्या उघडून मागं मागं गेलं की बहुतेक वेळा एकाच महिन्याशी येऊन थांबते. पदाधिकारी बदलले तो महिना. निवड झाली, हार घातले, चहा झाला आणि नवीन अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी कर्ज मागायला बँकेत गेल्या. पेटीत किती आहे ते मोजलं नाही, जुन्या सह्या बदलल्या नाहीत.

अध्यक्ष आणि सचिव झालेल्या बायांसाठी हा क्रम लिहिते आहे. हे गट उमेद अभियानातले (राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान महाराष्ट्रात याच नावानं चालतं) किंवा त्याच पद्धतीनं चालणारे, १० ते २० सभासदांचे आहेत असं धरलं आहे. क्रम मोडू नका. घाई बहुतेक चौथ्या टप्प्याआधीच होते आणि तीच पुढं महागात पडते.

## टप्पा १: पद स्वीकारण्याआधी

निवडीच्या बैठकीत 'हो' म्हणण्याआधी घरात बोला. महिन्यातून बैठका किती, बँकेच्या फेऱ्या किती, तालुक्याला प्रशिक्षणाला किती दिवस जावं लागेल, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना आधीच सांगा. 'बघू पुढचं पुढं' म्हणून घेतलेलं पद दोन महिन्यांत नवऱ्याच्या हातात जातं. तो वही घेऊन बँकेत जायला लागला की सभासद त्यालाच विचारायला लागतात आणि तुम्ही फक्त सहीपुरत्या उरता. हे मी खूप घरांत पाहिलं आहे, आणि नवरा वाईट असतो म्हणून ते होतं असं नाही. सोयीसाठी सुरू होतं.

लिहिता येत नाही म्हणून पद नाकारू नका. अध्यक्षाला वही लिहावीच लागते असं नाही, पण वहीत काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून घेण्याचा हट्ट मात्र धरावा लागतो. सही शिकून घ्या. अंगठा चालतो, पण सही येत असली की बँकेत ताठ मानेनं उभं राहता येतं.

निवड नियमावलीत लिहिल्याप्रमाणं करा. नियमावली सापडत नसेल तर ती आधी शोधा. किती वर्षांनी पदाधिकारी बदलायचे हे गटानंच त्यात ठरवलेलं असतं.

तपासा: निवडीचा ठराव इतिवृत्त वहीत आहे का? त्यात तारीख, जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि हजर सभासदांच्या सह्या आहेत का? बँक हाच ठराव मागते. घरी जाऊन नंतर लिहिलेल्या ठरावावर सह्या गोळा करत फिरू नका.

## टप्पा २: हस्तांतरण

हे बैठकीतच करायचं, सगळ्यांसमोर. जुन्या अध्यक्षांच्या घरी जाऊन पिशवी आणायची नाही. पिशवी घरून आणली की 'तेव्हा पैसे होते' आणि 'मला मिळालेच नाहीत' हा वाद कायमचा मागं लागतो.

एका कागदावर यादी करा आणि एकेक वस्तू ताब्यात घ्या:

- इतिवृत्त वही, रोकड वही, बचत आणि कर्जाची खतावणी
- सर्व सभासदांची वैयक्तिक पासबुकं
- बँकेचं पासबुक, चेकबुक आणि वापरलेल्या चेकची अर्धुकं
- गटाचा शिक्का, पेटी आणि तिच्या सगळ्या किल्ल्या
- नियमावली, जुन्या कर्जाची कागदपत्रं, ग्रामसंघाकडून घेतलेल्या निधीचा करार

यादीखाली जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि साक्षीदार म्हणून दोन सभासदांच्या. पेटीच्या किल्ल्या एकीकडेच ठेवू नका. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे.

सावधान: चेकबुक पान पान उलटून पहा. बँकेत फेरी वाचावी म्हणून आधीच सह्या करून ठेवलेले कोरे चेक निघतात. तसा चेक निघाला तर त्याच बैठकीत त्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहा आणि त्याचा नंबर इतिवृत्तात नोंदवा. चेकबुकातून एखादं पान गायब असेल तर तो नंबर लिहून बँकेला चेक थांबवण्याचा अर्ज द्या. जुन्या ताईंवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही, आणि बैठकीत तसं स्पष्ट बोलून दाखवा. उद्या तुमचं पद जाईल तेव्हा तुमच्यासाठीही हेच होणार आहे.

## टप्पा ३: ताळा

वह्या आल्या, आता पैसे जुळवा. पद्धत साधी आहे. गटाकडं आजवर स्वतःचं किती आलं त्याची एका बाजूला बेरीज. ते पैसे आज कुठं आहेत त्याची दुसऱ्या बाजूला बेरीज. दोन्ही सारख्या यायला हव्यात.

एक उदाहरण घेऊ. ११ सभासद, महिना १०० रुपये बचत, ३० महिने.

जमा झालेली बचत ३३,०००. अंतर्गत कर्जावर, म्हणजे गटानं स्वतःच्या पैशातून सभासदांना दिलेल्या कर्जावर, मिळालेलं व्याज ८,४००. दंड २१०. अभियानाकडून मिळालेला फिरता निधी १५,०००. एकूण ५६,६१०. वह्या, प्रवास आणि बँकेचं शुल्क असा खर्च ६१०. म्हणजे गटाचा निधी ५६,०००.

आता दुसरी बाजू. सभासदांकडं येणं असलेलं कर्ज ४५,०००. बँकेत ९,७००. पेटीत १,३००. बेरीज ५६,०००. जुळलं.

गटानं बँकेचं किंवा ग्रामसंघाचं कर्ज घेतलेलं असेल तर त्याची शिल्लक पहिल्या बाजूला वेगळी मिळवा. ती गटाच्या निधीत मोजू नका. कर्जाचे पैसे निधीत धरून 'आपला निधी दोन लाख' सांगणारे गट असतात. बँकेत पहिल्या प्रश्नालाच ते उघडे पडतात.

येणं असलेलं कर्ज फक्त खतावणीतून घेऊ नका. प्रत्येकीचं पासबुक उघडून तिच्याकडून वदवून घ्या: 'मावशी, तुमच्याकडं चार हजार राहिलेत, बरोबर?' खतावणीत चार आणि मावशींच्या तोंडी तीन असेल तर तिथंच थांबा. हप्ता दिला पण चढवला नाही, असंच बहुतेकदा निघतं.

फरक निघाला तर काय करायचं? आवाज चढवायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. इतिवृत्तात लिहायचं: 'आजच्या मोजणीत रोकड वहीप्रमाणे १,३०० हवे होते, पेटीत ३०० निघाले, फरक १,०००.' शोधायला एका बैठकीची मुदत द्यायची आणि ग्रामसंघाच्या लेखापालाला किंवा समुदाय संसाधन व्यक्तीला, म्हणजे आपल्या सीआरपी ताईला, बोलवायचं. फरक लपवून 'पुढं बघू' म्हटलंत की त्या दिवसापासून तो फरक तुमचा होतो.

तपासा: ताळ्याचा कागद इतिवृत्त वहीत चिकटवला का? त्याखाली तारीख आणि सह्या आहेत का? हे झाल्याशिवाय नवीन कर्जवाटप करू नका, एक रुपयाचंही नाही.

## टप्पा ४: बँकेत सह्या बदलणं

नव्या पदाधिकाऱ्यांनी मिळून जा. ठरावाची प्रत, तिघींची (अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष) आधार आणि पॅनची कागदपत्रं, फोटो, जुनं पासबुक आणि शिक्का सोबत न्या. बचत खात्यासाठी पदाधिकाऱ्यांची ओळख पडताळणी पुरते. सगळ्या सभासदांची कागदपत्रं कर्जाच्या वेळी मागितली जाऊ शकतात, म्हणून आतापासून एका फाइलमध्ये जमवायला लागा.

खातं जोडसहीनं चालतं. तीन पदाधिकाऱ्यांपैकी कुठल्या दोघींच्या सह्या लागतील ते ठरावात स्पष्ट लिहा. सह्या बदलल्याची नोंद झाली का ते पासबुकावर किंवा तोंडी नाही, तर अर्जाच्या पोचप्रतीवर शिक्का घेऊन पक्कं करा.

खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदला. मी स्वतः सचिव झाले तेव्हा हे विसरले. बँकेचे मेसेज जुन्या सचिव ताईंच्या फोनवर जात राहिले आणि त्या माहेरी गेलेल्या. हप्त्याच्या रकमेत २०० रुपये कमी पडलेत, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, तोवर गट थकबाकीच्या यादीत आला होता. त्या यादीतून नाव निघायला सहा महिने लागले. म्हणून आता प्रत्येक गटात मी हा प्रश्न पहिला विचारते: मेसेज कुणाच्या फोनवर येतो?

## टप्पा ५: पहिली बैठक चालवणं

अध्यक्षपण कळतं ते बैठकीत. बैठकीचा क्रम ठरलेला ठेवा:

१. गोल बसा. खुर्ची घेऊ नका. हजेरी घ्या.
२. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवा.
३. बचत जमा करा, प्रत्येकीच्या पासबुकात समोरच चढवा.
४. परतफेड घ्या, मुद्दल आणि व्याज वेगळं लिहा.
५. पैसे मोजा आणि रक्कम मोठ्यानं सांगा.
६. मग कर्जाच्या मागण्या ऐका.
७. निर्णय, वाटप, पुन्हा मोजणी, इतिवृत्त, सह्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते पाचव्या आणि सहाव्यात. पैसे मोजायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, 'मला पाच हजार पाहिजेत,' आणि चर्चा तिकडं वळते. मग जमा झालेलं थेट त्या बाईच्या हातात जातं, वहीत जमाही नाही आणि वाटपही नाही. आधी जमा, मग मोजणी, मग वाटप. हे तीन वेळा तसंच केलं की चौथ्यांदा सांगावं लागत नाही.

कर्ज कुणाला, हे ठरवताना गरजेचं कारण सगळ्यांसमोर ऐकून घ्या. दवाखाना आधी, मग शिक्षण आणि पेरणी, मग बाकी, असा काहीतरी क्रम गटानं आधीच लिहून ठेवावा. अध्यक्षांनी स्वतःची मागणी सगळ्यांत शेवटी मांडावी आणि तिच्यावर चर्चा चालू असताना बैठक दुसरीला चालवायला द्यावी. पहिल्या वर्षी शक्य असेल तर कर्ज घेऊच नका. तुमच्या हातातल्या पेटीतून पहिलं कर्ज तुम्हालाच गेलं, तर नंतर कुणालाही हप्ता मागायला तोंड राहत नाही.

हप्ता न भरणारीला कसं विचारायचं, यावर मला कायम विचारतात. बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जा, एकट्या. 'ताई, उद्या बैठक आहे, जमेल का? जमत नसेल तर किती जमेल ते आपण आत्ताच ठरवू.' बैठकीत तिनं स्वतः सांगायचं: यावेळी ५०० देते, बाकी पुढच्या वेळी. गट तसा ठराव करेल. सगळ्यांसमोर अचानक नाव घेतलं की ती पुढच्या बैठकीला येतच नाही, आणि बाई आली नाही की पैसेही येत नाहीत. दंड मात्र सगळ्यांना सारखा. नणंद असो की जाऊ.

गप्प बसणाऱ्या सभासदाकडं लक्ष द्या. 'सगळ्यांना मान्य आहे ना?' असं विचारू नका, त्यावर सगळ्या मानच हलवतात. नाव घेऊन विचारा: 'काकू, तुम्हाला काय वाटतं?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

सावधान: इतिवृत्त घरी नेऊन लिहायचं नाही. सह्या झाल्यावर शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, म्हणजे नंतर कुणाला काही भरता येत नाही.

## टप्पा ६: बँकेच्या कर्जाची तयारी

गट किमान सहा महिने नीट चालू असावा लागतो, आणि तो वह्यांवरून दिसला पाहिजे. खातं कधी उघडलं याला महत्त्व नाही. बँक पंचसूत्री बघते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. गटाची श्रेणी यावरच ठरते. मध्ये तीन महिने बैठक झाली नसेल तर वह्या मागून भरू नका. सारख्या शाईनं, एका हातानं, एका बसणीत भरलेली वही बँकेतला माणूस लगेच ओळखतो. पुढचे सहा महिने नीट चालवा आणि मग जा.

कर्ज किती मिळू शकतं? राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणं पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त ते. वरच्या उदाहरणात ५६,००० च्या सहापट म्हणजे ३,३६,०००. तिसऱ्या टप्प्यातला ताळा बरोबर असेल तरच हा आकडा तुम्हाला ठामपणे मांडता येतो. दुसऱ्या कर्जाला आठपट किंवा किमान तीन लाख.

मिळतं म्हणून सगळं घेऊ नका. आधी सूक्ष्म पतआराखडा करा. प्रत्येक सभासदाच्या घरी दोघींनी जाऊन बसा आणि लिहा: घरात येतं किती, जातं किती, सावकाराचं आणि मायक्रोफायनान्सचं देणं किती, कशासाठी पैसे हवेत, ते परत कुठून येणार. एक संध्याकाळ दोन घरं, याहून जास्त होत नाहीत. पण याच कामात अध्यक्षाला आपला गट खरा कळतो. एखादी बैठकीत हसरी असते आणि तिचे तीन ठिकाणी हप्ते चालू असतात, हे घरी गेल्यावरच दिसतं.

मग बैठकीत मागण्या एकत्र करा. इथं बहुतेक गट चुकतात: रक्कम सगळ्यांत समान वाटतात. जिला शेळ्या घ्यायच्यात तिला २५,००० मिळतात आणि जिला काहीच नको तिलाही २५,०००. ही दुसरी आपले पैसे नातेवाइकाला नाहीतर गावातल्या एखाद्याला जास्त व्याजानं देते, तो बुडवतो आणि हप्ता गटाच्या अंगावर येतो. ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या, कमी-जास्त द्या आणि ठरावात प्रत्येकीच्या नावासमोर रक्कम आणि कारण लिहा. सावकाराचं महाग कर्ज फेडायला पैसे देता येतात. फक्त कर्ज दोन लाखांच्या वर असेल तर निम्म्याहून कमी नाही आणि चार लाखांच्या वर असेल तर ७५ टक्क्यांहून कमी नाही इतका भाग उत्पन्न देणाऱ्या कामाला जावा, अशी अपेक्षा असते.

बँकेत जाताना या गोष्टी पाठ ठेवा:

- १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण लागत नाही. बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवता येत नाही आणि मुदत ठेव करा असा आग्रह धरता येत नाही.
- एखाद्या सभासदाचं किंवा तिच्या नवऱ्याचं जुनं कर्ज थकलं असेल, तर एवढ्यावरून संपूर्ण गटाचं कर्ज अडवायचं नसतं, गट स्वतः थकबाकीदार नसेल तर. मात्र बँकेची थकबाकीदार असलेल्या त्या सभासदाला या कर्जातले पैसे द्यायचे नाहीत.
- अर्ज दिल्यावर पोच घ्या. 'साहेब नाहीत, नंतर या' असं तिसऱ्यांदा ऐकलं तर नकाराचं कारण लेखी मागा. शांतपणे मागा, पण मागा. सोबत बँक सखीला, म्हणजे बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या ताईला, न्या.

दोघीच जा. अकरा जणींनी गेलं की एक बोलते आणि दहा जणींचा रोजगार बुडतो. बोलताना आकडे तुम्हीच सांगा: सभासद, निधी, आजपर्यंतचं अंतर्गत कर्जवाटप, परतफेड. बँकेतला माणूस सोबत आलेल्या पुरुषाकडं बघून बोलायला लागला तर उत्तर तुम्ही द्या.

## टप्पा ७: कर्ज मिळाल्यावर

पैसे गटाच्या खात्यात आले की ठरावाप्रमाणं सभासदांच्या खात्यावर वळवा, रोख देऊ नका. कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं काढायचं आणि भरायचं कर्ज, असेल तर महिन्यातून किमान एकदा खात्यात भरणा झालाच पाहिजे, आणि त्या महिन्याचं व्याज भागेल इतका तरी. मर्यादेच्या वर गेलेलं देणं सलग ३० दिवसांहून जास्त राहू देऊ नका. वेळेवर फेडणाऱ्या गटांना मिळणारी व्याज सवलत यावरच टिकते. बैठकीची तारीख बँकेच्या हप्त्याच्या पाच-सहा दिवस आधी ठेवलीत की बरीच धावपळ वाचते.

महिन्याभरानं घरोघरी जाऊन बघा: शेळ्या आल्या का, मशीन आलं का. आल्या नसतील तर त्याच महिन्यात बोलता येतं, वर्षानं नाही.

## गटाबाहेरचं काम हवं असेल तर

दीड-दोन वर्षं हे नीट केलंत की तुमच्या हातात एक कसब असतं, आणि त्याला मागणी आहे. सीआरपी, बँक सखी, पशुसखी, कृषीसखी, ग्रामसंघाची लेखापाल ही मानधनाची कामं गटातल्या बायांसाठीच आहेत. शिक्षणाच्या अटी कामागणिक वेगळ्या असतात, त्या उमेदच्या तालुका कक्षात विचारा. अर्ज निघाल्यावर धावू नका, आधीपासून एक फाइल ठेवा: झालेली प्रशिक्षणं आणि त्यांची प्रमाणपत्रं, तुम्ही करून दिलेले आराखडे, दुसऱ्या गटांना केलेली मदत, तारखांसह. मुलाखतीत 'मी गट चालवते' म्हणण्याऐवजी 'आमच्या गटाचं कर्ज इतकं, परतफेड इतकी, थकबाकी नाही' असं सांगा.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मागासवर्गीय राखीव जागेवर लढायचं तर जातवैधता प्रमाणपत्राची तयारी निवडणूक जाहीर होण्याच्या बरीच आधी सुरू करा. यात वेळ जातोच. आणि उमेदवारी ठरली की त्याच आठवड्यात गटाचं पद सोडा, पेटी दुसरीकडं द्या, म्हणजे प्रचारात पेटीचं नाव निघणार नाही.

## पद सोडण्याआधीचे तीन महिने

तुमच्यानंतर कोण, हे निवडीच्या दिवशी शोधू नका. तीन महिने आधीपासून दोघींना बरोबर घ्या. पहिल्या महिन्यात एकीनं रोकड वही लिहायची, तुम्ही बघायचं. दुसऱ्या महिन्यात दुसरीनं बैठक चालवायची, तुम्ही गोलात सभासद म्हणून बसायचं. तिसऱ्या महिन्यात दोघींनी बँकेत जाऊन पैसे भरायचे आणि तुम्ही घरी थांबायचं. त्या परत येऊन पासबुक दाखवतील. नोंद बघा, चुकलं असेल तर त्यांनाच पुन्हा पाठवा. मग चौथ्या बैठकीत टप्पा १ पासून सुरू करा, या वेळी यादीवर जुन्या पदाधिकारी म्हणून सही तुमची.